रानातल्या जनावरांचा आहार

कीर्तनात सिद्धान्त सांगणे सोपे, दृष्टान्त सांगणे अवघड. सिद्धान्ताला ग्रंथाचा आधार असतो. दृष्टान्ताला समोर बसलेल्या माणसाच्या अनुभवाचा आधार लागतो. न्यायशास्त्रात दृष्टान्ताचे लक्षण सांगितले आहे, त्याचा भावार्थ असा की, पढलेला आणि न पढलेला या दोघांनाही जी गोष्ट सारखीच मान्य आहे ती दृष्टान्त. दोघांतल्या एकाने जरी मान हलवली तरी तो दृष्टान्त राहत नाही. पाठशाळेत हे आम्ही घोकले. त्यातले मर्म मात्र गावोगाव हिंडताना कळते. कारण आपले निम्मे दृष्टान्त वाघ, कोल्हा, वानर, हंस, चातक यांचे, आणि समोर बसलेल्यांत गुराखी, धनगर, कातकरी, गोंड अशी रानाशी रोजचा व्यवहार असलेली मंडळी.

चंद्रपूरकडच्या एका गावी सप्ताह होता. एका तरुण कीर्तनकाराने रंगात येऊन दृष्टान्त दिला की, वाघ उपाशी मरेल पण गवताला तोंड लावणार नाही. मागे खांबाला टेकून एक म्हातारा गुराखी बसला होता. तो आपल्याशीच हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "खाते ना जी, वाघ बी गवत खाते. सकाळच्या पारी खाते न् मंग ओकते." शेजारी हसला, त्याच्या शेजारचाही हसला. कीर्तन संपल्यावर तो तरुण आमच्याजवळ येऊन बसला. "बाबा, हे खरे काय?" खरेच आहे. त्या रात्री जे बोलणे झाले तेच थोडे विस्ताराने येथे देत आहोत.

कोणी म्हणेल, बुवा, वाघ काय खातो याच्याशी टाळकऱ्याला काय करायचे आहे? करायचे आहे, माउली. आज उसात बिबट्या आहे, भुईमुगात डुक्कर आहे, वानर तर माजघरात शिरून डब्याचे झाकण काढते. या जनावरांविषयी गावातला माणूस जे मानतो त्यातले पुष्कळसे आपल्यासारख्यांच्या तोंडून ऐकलेले असते. ते भलतेच असले तर कधी जनावर मरते आणि कधी माणूस.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीकडे पाहिलेच नाही असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा अध्याय आहे, तेथे पशुपक्ष्यांचे आठ वर्ग केले आहेत: प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर आणि प्रतुद. यांपैकी काही वर्ग राहण्याच्या जागेवरून आहेत, पण तीन वर्ग खाण्याच्या रीतीवरून पाडले आहेत. हिसकून, जबरीने ओढून खाणारे ते प्रसह. पायाने उकरून, विखरून खाणारे ते विष्किर. चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद. आता गंमत पाहा. प्रसहांच्या पंक्तीत वाघ, सिंह, अस्वल, तरस, कोल्हा, गिधाड हे तर आहेतच, पण त्याच पंक्तीत गाय आणि घोडाही बसवला आहे! प्रथम वाचताना विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. पण गाय चरताना जवळ उभे राहून बघा. ती गवताला जिभेचा वेढा घालते आणि हिसका देऊन तोडते. वैद्याने काय खाल्ले हे बाजूला ठेवून कसे खाल्ले तेवढेच पाहिले. हा वर्ग वैद्यकाच्या सोयीचा. आपल्याला मात्र काय खाल्ले आणि का खाल्ले तेही पाहायचे आहे, आणि त्यासाठी दात व जठर यांच्याकडे जावे लागते.

प्रथम वाघ. व्याघ्र या शब्दात घ्रा धातू आहे, म्हणजे विशेषेकरून हुंगणारा. व्युत्पत्ती तशी असली तरी शिकार करताना वाघ भिस्त ठेवतो ती डोळ्यांवर आणि कानांवर. हुंगण्याचा उपयोग त्याला दुसऱ्या वाघाची हद्द ओळखण्यासाठी अधिक. ताडोबाचा वाघ सांबर, चितळ, रानडुक्कर आणि जमल्यास गवा खातो. साधारणपणे आठवड्याला हरणाएवढे एक जनावर, म्हणजे वर्षाकाठी पन्नासच्या आसपास. एका बैठकीत वीस-पंचवीस किलो मांस तो सहज खातो आणि मग शिकारीजवळच पडून राहून पुढचे दोनतीन दिवस तीच पुरवतो. बहुधा मागच्या फऱ्यापासून खायला लागतो. आणि पुष्कळदा हरणाची वझडी, म्हणजे अर्धवट पचलेल्या गवताने भरलेली पिशवी, बाहेर ओढून बाजूला टाकतो. तिला तो तोंड लावत नाही.

मग गवत खातो ते कोणते? हिरवे, ताजे, पात्याचे गवत तो अधूनमधून चघळतो. त्याच्या विष्ठेत गवताची पाती जशीच्या तशी सापडतात, जंगलखात्याच्या लोकांना हे नवे नाही. पोटात गेलेले केस आणि जंत बाहेर पडावेत म्हणून हे करीत असावा असे जाणते म्हणतात. घरचे मांजरही तेच करते. त्या गवतातून वाघाला पोषण काही मिळत नाही, कारण त्याचे आतडे आखूड आहे आणि गवत पचवण्याची सोय त्यात नाही. तेव्हा वाघ गवत खातो, पण गवतावर जगत नाही, असे म्हटले तर दृष्टान्तही टिकतो आणि गुराखीही हसत नाही. आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आम्हांला स्वतःला मोठे नवल वाटले. मांजराच्या कुळाला, म्हणजे घरच्या मांजरापासून वाघापर्यंत सगळ्यांना, गोडाची चवच कळत नाही. जिभेवर गोड ओळखणारी जी रचना असते तिचे बीजच त्यांच्यात बिघडलेले आहे, असे संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. वाघापुढे उसाचा रस ठेवला काय आणि पाणी ठेवले काय, त्याला सारखेच.

बिबट्याचे तसे नाही. त्याला गोड कळत नाही हे खरे, पण मांसात त्याचे कसलेच सोवळे नाही. उंदीर, खेकडा, मोर, ससा, वानर, माकड, हरिण, शेळी, कुत्रा, जे मिळेल ते. अकोले तालुक्यातल्या ज्या भागात राखीव जंगल नाही आणि चोहीकडे ऊस व वस्ती आहे, तेथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने शंभरात सत्त्याऐंशी भाग पाळीव जनावरांचा निघाला. पण त्यातही सर्वांत मोठा वाटा होता तो कुत्र्यांचा, शंभरात एकोणचाळीस. मग मांजरे, पंधरा. शेळ्या फक्त अकरा. आणि त्या भागात शेळ्या तर कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी राखली जाते, संध्याकाळी कोंडली जाते. कुत्रे उकिरड्यावर मोकळे. म्हणून बिबट्या उकिरड्यापाशी येतो.

जुन्नर, संगमनेर, अकोले या बाजूला कीर्तनाला जाणाऱ्या बुवांनी हे आकडे पाठ करावेत असे आम्हांस वाटते. कारण तेथे बिबट्या दिसला की गाव जमते, आरडाओरड होते, पिंजरा मागितला जातो, आणि गावाबाहेर कोंबड्यांच्या आतड्यांचा, लग्नातल्या उष्ट्याचा ढीग तसाच राहतो. त्या ढिगावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. गोठ्याला नुसती भिंत उपयोगाची नाही, वरूनही जाळी पाहिजे, कारण तो चढतो. दिवेलागणीनंतर लहान मुलांना एकटे अंगणाबाहेर पाठवू नये. उसाच्या कडेला वाकून काम करणारे किंवा बहिर्दिशेला बसलेले माणूस त्याला चौपायी जनावरासारखे दिसते असे जाणकार सांगतात. उभ्या माणसाला तो बहुधा टाळतो. चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूची पाने तोडायला गेलेली माणसे वाघाला बळी पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात, तेथेही वाकून काम करणे हेच एक कारण सांगितले जाते.

कोळसुनांविषयी, म्हणजे रानकुत्र्यांविषयी, लोकांचे मत फार वाईट आहे. जनावर पुरते मरण्याच्या आत ती खायला लागतात हे खरे. त्यामुळे त्यांना क्रूर ठरवून इंग्रजी अमदानीत त्यांना मारण्याबद्दल बक्षिसे दिली जात. पण या क्रूर म्हटलेल्या जनावराच्या घरची रीत ऐका. शिकार झाल्यावर पिल्ले बरोबर असली तर आधी पिल्लांना खाऊ देतात, मोठी मागून खातात. पिल्ले बिळात असली तर मोठी पोटभर खाऊन परत येतात आणि ते अन्न ओकून पिल्लांना आणि त्यांच्याजवळ राखणीला थांबलेल्यांना देतात. संस्कृतात दुसऱ्यांना जेवू घालून उरलेले जो खातो त्याला विघसाशी म्हणतात. हा शब्द आम्ही गृहस्थाश्रमाचे वर्णन करताना वापरतो. तो कोळसुनांना लागू पडतो. ही जनावरे माणसाच्या वाटेला जात नाहीत.

आता अस्वल. याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण विदर्भातल्या आमच्या वाचकांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

अस्वलाचा देह पाहिला की वाटते, हे रोज एक रेडा खात असेल. त्याचे मुख्य अन्न मात्र वाळवी आणि मुंग्या! वारुळाला संस्कृतात वल्मीक म्हणतात, ज्यावरून वाल्मीकींचे नाव आले. तेच वारूळ हे अस्वलाचे कोठार. लांब नखांनी ते वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडवते आणि मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून ही ओढण्याची सोय झाली आहे. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. तो ओढण्याचा आवाज शंभर पावलांवर ऐकू येतो. या दातांच्या फटीने आणि लांब नखांनी एका इंग्रज पंडिताला असे फसवले की, १७९१ साली त्याने आपल्या अस्वलाची गणना दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबकळणाऱ्या एका सुस्त प्राण्यात केली. असो.

वाळवीखेरीज मध, बोरे, जांभळे, उंबरे, तेंदूची फळे, बहाव्याच्या शेंगांतला गर, आणि फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले. मांस ते क्वचित खाते. येथेच घोटाळा होतो. मांस खात नाही म्हणजे गरीब असेल असे माणसाला वाटते. पण अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही, घाबरून मारते. त्याची नजर मंद. खाण्यात दंग असले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळले की एकदम अंगावर येते, तोंडावर पंजा मारते. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी असली तर विचारायलाच नको. मोहाची फुले पहाटे गळतात. पहाटेच अस्वल झाडाखाली येते आणि पहाटेच बायामाणसे टोपल्या घेऊन निघतात. अन्न एक, वेळ एक, झाड एक.

उपाय साधे आहेत. फटफटीत उजाडल्यावर जावे, एकट्याने जाऊ नये, वाटेने बोलत जावे, काठी आपटत जावे. आम्ही तर म्हणतो, नामस्मरण नेहमी मनात केले तरी चालते, पण मोहाखाली जाताना ते मोठ्याने करावे! आणि फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची जी रीत आहे ती सोडावी. त्या आगीने रान जळते, वारुळे आणि बोरी जळतात, आणि मग उपाशी अस्वल गावाजवळच्या झाडाकडे वळते. मोहाची फुले खाऊन जनावरे झिंगतात असेही कीर्तनातून सांगितले जाते. झाडावरून गळलेल्या ताज्या फुलात साखर असते, दारू नसते. दारू माणूस आंबवून काढतो.

तरस हा शब्द संस्कृत तरक्षुपासून आला. याच्याविषयी तर भीतीच भीती. तरस हसतो म्हणतात. हसणारा तरस आफ्रिकेतला ठिपकेवाला. आपला पट्टेवाला बहुतेक मुकाच. तो मेलेली जनावरे खातो, आणि वाघालाही न फुटणारी हाडे फोडून पचवतो. हाडांतल्या चुन्यामुळे त्याची विष्ठा वाळली की पांढरी दिसते. माळावरचे मढे साफ करणारा हा बिनपगारी नोकर, माणूस दिसला की पळणारा. आणि लोक त्याच्या बिळात धूर करतात.

कोल्ह्याची म्हण मात्र पूर्वजांनी अचूक केली आहे. कोल्हा काकडीला राजी, हे अक्षरशः खरे आहे. काकडी, खरबूज, बोरे, मका, ऊस, भुईमूग, सगळे त्याला चालते, आणि त्याबरोबर उंदीर, खेकडे, मेलेले जनावरही चालते. शेतकऱ्याची एक काकडी खातो आणि दहा उंदीर कमी करतो; हिशेब ज्याने त्याने करावा. आंबट द्राक्षांची गोष्ट ग्रीक देशातून आली आहे, पण तीही या बाबतीत खोटी नाही. लांडग्याचे निराळे. सोलापूर-नगरच्या माळावर त्याचे मूळ अन्न काळवीट आणि ससा. माळ नांगरले गेले, काळवीट कमी झाले, तेव्हा तो मेंढरांमागे लागला. एका वृद्ध धनगराने आम्हांस सांगितले की, कळपातली दोनचार कोकरे लांडग्याची, हे धरूनच आम्ही चालतो. सगळेच धनगर असे म्हणतील असे नाही.

आता गवत खाणारे. तर्कशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाची गवयाशी ओळख असते, कारण उपमान प्रमाणाचे ठरलेले उदाहरण तेच: गाईसारखे जे रानात दिसेल तो गवय. तर्कसंग्रह संपेपर्यंत विद्यार्थी शंभर वेळा गवय म्हणतो आणि जन्मात एकदाही पाहत नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी राधानगरी-दाजीपूरच्या रानात जावे; ते रान १९५८ सालापासून अभयारण्य आहे आणि गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे. गवा गवत, झुडपांचा पाला, बांबूचे कोंब खातो. गवा, हरिण, रोही, काळवीट ही सगळी रवंथ करणारी. रवंथ हा संस्कृत रोमन्थ. यांच्या जठराला चार कप्पे असतात. घाईघाईने गिळलेले गवत पहिल्या कप्प्यात मुरते, तेथले सूक्ष्म जंतू ते कुजवतात, मग जनावर निवांत जागी बसून ते पुन्हा तोंडात आणून चावते. उघड्यावर डोके खाली घालून फार वेळ उभे राहणे धोक्याचे, म्हणून ही उधारी. हत्तीला ही सोय नाही. त्यामुळे तो दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो आणि त्यातले निम्मेही पचत नाही. दोडामार्गाकडे २००२ पासून आणि गडचिरोलीकडे २०२१ पासून जे हत्ती आले त्यांनी भात, केळी, माड यांचे काय केले ते तेथल्या शेतकऱ्यांना विचारावे.

सशाने रवंथाला दुसरीच युक्ती काढली आहे. त्याची पहिल्या वेळची लेंडी मऊ असते, ती तो स्वतःच खातो, आणि दुसऱ्यांदा पचून आलेली कोरडी लेंडी टाकतो. शिव शिव म्हणू नका, गवतातले सत्त्व काढण्याचा त्याच्याजवळ दुसरा मार्ग नाही.

आणि शाकाहारी म्हणून ज्यांना आपण डोक्यावर घेतो त्यांचेही पाहा. साळिंदर कंद, मुळे, साली खाते, पण रानात पडलेली हाडे आणि सांबराची गळालेली शिंगे बिळाशी ओढून नेऊन कुरतडते. चितळही हाड चघळताना आढळते. शरीराला चुना लागतो, आणि पाल्यात तो पुरेसा नसला की हाडातून घेतात. रानडुकराचे तर विचारूच नका: कंद, किडे, बेडूक, अंडी, मेलेले जनावर आणि आपला भुईमूग, काही वर्ज्य नाही. डुकराने किंवा रोह्याने पीक खाल्ले तर वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा, भरपाईची तरतूद आहे. मढ्यात विष घालून ठेवू नये. ते डुक्कर खाईल न खाईल. कोल्हा, तरस, गिधाड आणि शेजाऱ्याचे कुत्रे नक्की खाईल.

वानराचा विषय निघाला की मंडळी आमच्यावर थोडी रुसतात, पण सांगणे भाग आहे. वानर आणि माकड ही दोन वेगळी जनावरे आहेत. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे ते माकड. माकडाला गालात पिशव्या असतात, तो भराभर कोंबून घेतो आणि मग झाडावर बसून खातो. वानराला त्या पिशव्या नाहीत. त्याचे जठरच कप्प्याकप्प्यांचे आहे, जवळजवळ गाईसारखे, आणि त्यातले जंतू पाला कुजवतात. वड, पिंपळ, उंबर यांची कोवळी पाने, कळ्या, सावरीची फुले, कच्ची फळे, शेंगा हे त्याचे अन्न. वानरे झाडावर खातात तेव्हा निम्मे खाली सांडतात, आणि ते वेचायला चितळे खाली जमतात. वरच्याला वाघ आधी दिसतो, खालच्याला वास आधी येतो, आणि दोघे एकमेकांना सावध करतात.

अशा पोटात आपण काय घालतो? डोंगरावरच्या देवस्थानी आणि घाटाच्या कठड्यावर मोटार थांबवून पेढे, बिस्किटे, फरसाण, ब्रेड. मारुतिरायाला पावते म्हणून. गोड आणि मैदा त्या जठरात भलत्याच वेगाने आंबतो, पोट आंबट होते, जनावर आजारी पडते. गाईला शिळ्या भाताचे घमेले खाऊ घातले तर ती कशी पोट फुगून पडते हे शेतकऱ्याला माहीत आहे, तसेच हे. शिवाय घाटात वानरे रस्त्यावर बसायला शिकतात आणि गाड्यांखाली सापडतात. पिल्लू आईला चिकटलेले असते. देवस्थानावरची माकडे हातातली पिशवी हिसकतात, आणि ओचकारले-चावले तर माणसाला दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्या लागतात. हनुमंताची सेवाच करायची तर गावाबाहेर वड, पिंपळ, उंबर लावावेत आणि तीन उन्हाळे पाणी घालावे. ते अन्नछत्र दोनशे वर्षे चालते. कठड्यावरचा पेढा मात्र बंद करावा, आणि हे कीर्तनातून स्पष्ट सांगावे, आम्ही सांगतो.

हंस, चातक, चकोर यांचे प्रकरण वेगळे आहे. यांना कविसमय म्हणतात. राजशेखराने काव्यमीमांसेत याचा विचार केला आहे: लोकांत न दिसणारी पण कवींनी परंपरेने मान्य केलेली गोष्ट. हंस दूध-पाणी वेगळे करतो, चातक पावसाच्या थेंबावर जगतो, चकोर चांदणे पितो, हे सांगताना 'कवी म्हणतात' असे दोन शब्द घालावेत, बस्स. हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उतरतात. ते काठचे गवत आणि शेतातला हरभरा खातात. चातक पावसाबरोबर येतो आणि केसाळ सुरवंट खातो. सापाच्या दुधाची गोष्ट मात्र कविसमयात घालून सोडता येत नाही. साप दूध पचवू शकत नाही. उपाशी, तहानलेला ठेवला तर ओलावा म्हणून पितो आणि पुढे मरतो. नाग उंदीर, बेडूक आणि दुसरे साप खातो. पंचमीला मातीच्या नागाची पूजा पुष्कळ घरी होते, ती सर्वांत निर्दोष.

शेवटी गिधाड. जटायूचे कुळ. मेलेल्या गुराखेरीज ते दुसरे काही खात नाही म्हटले तरी चालेल. त्याच्या जठरातले आम्ल एवढे तीव्र की काळपुळीने मेलेल्या जनावराचे मांसही त्याला पचते. असे जठर असून ते एका औषधाने मेले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे आपल्या देशात हजाराला एक उरली. कारण कोणाला कळेना. २००४ साली उलगडा झाला: गुरांच्या सुजेवर, दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत, ते टोचलेले गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने गुरांसाठी ते बंद केले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचले जाई, म्हणून २०१५ साली त्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधेही गुरांसाठी बंद झाली. गिधाडे गेली तेव्हा गावोगावच्या मढ्यांवर मोकाट कुत्री वाढली.

तेव्हा बैल सुजला, गाय लंगडली तर घरी उरलेली माणसाची सुई टोचू नये. गुरांच्या डॉक्टरांना विचारून मेलोक्झिकॅम मागावे. ते गिधाडाला बाधत नाही आणि गुराला गुण देते. आणि औषध चालू असताना गुरू मेले, कोणते औषध दिले हे माहीत नसले, तर ते माळावर न टाकता खोल पुरावे.

जलचरांचे राहिले. मगर, ऊद, कासव यांच्या खाण्याच्या तऱ्हा आणखी निराळ्या आहेत, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून त्यांतले एखादे तरी पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. त्यांच्याविषयी पुढे कधी लिहू.